तीस वर्षांनी सापडणारा अल्बम: मुंबईतल्या नव्या श्रोत्यासाठी शोधण्याची आणि ऐकण्याची पद्धत

सीडीच्या इनले कार्डावर, म्हणजे केसच्या आतल्या छापील कागदावर, किंवा एलपीच्या मागच्या बाजूला सर्वांत बारीक टाइपात जी नावे छापलेली असतात, म्हणजे ध्वनिमुद्रण कोणी केले, कोणत्या स्टुडिओत केले आणि कोणत्या लेबलने ते बाजारात आणले, ती नावे वाचण्याची सवय लावून घ्या, ही या लेखातली मुख्य सूचना आहे. बाकीच्या पायऱ्या तिच्यातूनच निघतात. अल्टर्नेटिव्ह गिटार-रॉकमधले कितीतरी उत्तम अल्बम निघाले त्या वर्षी फारसे कोणी ऐकले नाहीत आणि वीस-तीस वर्षांनी कोणाच्या तरी हाती लागून पुन्हा उजेडात आले. ते योगायोगानेच सापडतात असा समज आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट बहुतेक वेळा कव्हरवर छापलेलीच असते.

हा लेख ज्यांनी हे संगीत गेल्या एक-दोन वर्षांत ऐकायला घेतले आहे आणि प्रसिद्ध पाच-दहा नावांच्या पुढे कसे जायचे असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी आहे. गिटार वाजवता येणे आवश्यक नाही. महागडी यंत्रसामग्रीही लागत नाही. सलग चाळीस मिनिटे मात्र काढावी लागतात.

पहिली पायरी: आवडत्या अल्बमची श्रेयनामावली वाचा

सुरुवात अनोळखी ठिकाणाहून करू नका. जो अल्बम तुम्हाला पाठ आहे, तोच घ्या. उदाहरणादाखल निर्वाणाचा १९९३ चा 'इन यूटेरो' घेऊ, कारण मुंबईत रॉक ऐकणाऱ्या बहुतेकांच्या कानांवरून तो गेलेला असतो. त्याच्या श्रेयनामावलीत स्टीव्ह अल्बिनी हे नाव भेटते. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसत. त्यांचा आग्रह केवळ 'ध्वनिमुद्रण केले' एवढेच छापण्याचा असे, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. ढोल ज्या खोलीत वाजतो आहे त्या खोलीसकट तो ऐकू यावा, अशी त्यांची ध्वनिमुद्रणाची रीत होती. ती आवडली असेल तर त्यांनी आणखी कोणाकोणाचे ध्वनिमुद्रण केले हे पाहायचे. पिक्सीजचा १९८८ चा 'सर्फर रोझा' आणि पीजे हार्वे यांचा १९९३ चा 'रिड ऑफ मी' लगेच सापडतील, आणि हे दोन्ही प्रसिद्धच आहेत. पण यादी थोडी खाली वाचत गेलात की १९८७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला आणि १९८९ मध्ये निघालेला 'ट्वीझ' नावाचा एक छोटा अल्बम दिसतो. तो स्लिंट नावाच्या बँडचा आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातली ही मुले तेव्हा जेमतेम महाविद्यालयात जाण्याच्या वयाची होती.

'ट्वीझ' ऐकून झाल्यावर त्याच बँडचा दुसरा आणि शेवटचा अल्बम हाती येतो. १९९१ मध्ये टच अँड गो या शिकागोच्या लेबलने काढलेला तो अल्बम म्हणजे 'स्पायडरलँड'. एकूण सहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. तो निघण्यापूर्वीच बँड फुटलेला होता, त्यामुळे त्याच्या प्रचारासाठी कोणी दौऱ्यावर गेले नाही की कोणी मुलाखती दिल्या नाहीत. आज जाणकारांत त्याचे नाव मोठे आहे आणि २०१४ मध्ये त्याची मोठी पेटीबंद आवृत्तीही निघाली. तरी नव्या श्रोत्याच्या सरावासाठी मी हाच अल्बम निवडते, कारण दुर्लक्ष, उशिरा झालेला शोध आणि पुढचा प्रभाव या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट दिसतात.

इथे थांबायचे नाही. 'स्पायडरलँड'चे ध्वनिमुद्रण अल्बिनींनी केलेले नाही. ते १९९० च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या एका स्टुडिओत ब्रायन पॉल्सन यांनी अवघ्या चार दिवसांत केले. पॉल्सन यांचे नाव धरून पुढे गेलात तर अंकल टुपेलोचा १९९३ चा 'अ‍ॅनोडाइन', सुपरचंकचा १९९४ चा 'फूलिश' आणि विल्कोचा १९९५ चा 'ए.एम.' अशी तीन अगदी निराळ्या चवीची दारे उघडतात. वादकांच्या नावांवरून गेलात तर गिटारवादक डेव्हिड पाहो पुढे शिकागोच्या टॉर्टॉइझ या बँडमध्ये भेटतात, आणि मागे गेलात तर स्लिंटमधल्या दोघांचा शाळकरी वयातला स्क्विरल बेट हा बँड सापडतो. आपल्याकडे शास्त्रीय गायकाचे नाव ऐकले की घराणे कोणते, तालीम कोणाकडे झाली हे आपण आपसूक विचारतो. इथेही तेच विचारायचे. फरक एवढाच की इथली तालीम गुरूच्या घरी होत नाही; शहर, स्टुडिओ आणि लेबल या तीन ठिकाणी तिचा माग लागतो.

स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपवर ही माहिती पुष्कळदा अपुरी असते. डिस्कॉग्स या संकेतस्थळावर मात्र प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद, श्रेयनामावली आणि अनेकदा कव्हरच्या आतल्या पानांची छायाचित्रेही असतात. एक वही करा. प्रत्येक अल्बमसमोर ध्वनिमुद्रक, स्टुडिओ, लेबल आणि वादक अशी चार नावे लिहा. सात-आठ अल्बम झाले की एखादे नाव दुसऱ्यांदा लिहिले जाते, आणि ज्याच्याबद्दल कोणीही तुम्हाला सांगितलेले नाही असा अल्बम नेमका त्याच नावाच्या मागे असतो.

दुसरी पायरी: तो मागे का पडला, हे शोधून काढा

दुर्लक्षित अल्बम म्हटले की लोकांना वाटते, तो काळाच्या पुढे होता आणि जगाला कळला नाही. क्वचित तसे असेलही. बहुतेकदा कारण फार साधे, व्यवहारातले असते, आणि ते कारण कळले की अल्बम कुठे आणि कसा शोधायचा हेही कळते. म्हणून ही पायरी वगळू नये.

मेम्फिसच्या बिग स्टार या बँडचे उदाहरण घ्या. त्यांचा पहिला अल्बम १९७२ मध्ये आर्डेंट या लेबलने काढला आणि त्याचे वितरण स्टॅक्स कंपनीकडे होते. समीक्षकांनी कौतुक केले, पण वितरणाची साखळीच कोलमडल्यामुळे वाचून दुकानात गेलेल्या माणसाला तो मिळेना. १९७४ चा दुसरा अल्बमही त्याच कचाट्यात सापडला आणि १९७४ मध्येच ध्वनिमुद्रित झालेला तिसरा तर १९७८ पर्यंत बाहेरच आला नाही. पुढच्या पिढीतल्या आर.ई.एम. आणि रिप्लेसमेंट्ससारख्या बँडनी त्यांचे ऋण उघडपणे मान्य केले, तेव्हा कुठे लोक मागे वळून ऐकू लागले. अशा प्रकारच्या अल्बमच्या मूळ प्रती मुळातच थोड्या असतात. त्यांच्या मागे न लागता पुनर्मुद्रित आवृत्तीच घ्यावी.

लेबलच बुडाले तर गोष्ट निराळी होते. बोस्टनच्या गॅलक्सी ५०० या तिघांच्या बँडने 'ऑन फायर' १९८९ मध्ये काढला. १९९१ मध्ये बँड फुटला आणि त्याच वर्षी त्यांचे रफ ट्रेड हे लेबलही दिवाळखोरीत गेले. त्यांच्या ध्वनिफितींचा लिलाव झाला आणि बँडच्याच ढोलवादकाने त्या बोली लावून सोडवून आणल्या. १९९६ मध्ये त्यांचे सर्व काम एकत्र संचात निघू शकले ते त्यामुळे. लेबल बुडालेला अल्बम दिसला की हक्क आता कोणाकडे आहेत हे आधी पाहावे. हक्क कलाकारांकडे परत आले असतील तर बँडकॅम्प या कलाकारांना आपले संगीत थेट विकता येणाऱ्या संकेतस्थळावरच्या त्यांच्या स्वतःच्या पानावरून फाइल विकत घेणे सर्वांत योग्य, कारण पैशांचा मोठा भाग थेट त्यांच्याकडे जातो.

तिसरे कारण फॅशन बदलण्याचे. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या स्लोडाइव्हचा 'सूव्हलाकी' १९९३ मध्ये आला तेव्हा तिथल्या संगीत-साप्ताहिकांना गिटारच्या धूसर, एकावर एक चढवलेल्या थरांचा कंटाळा आलेला होता. अमेरिकेतून ग्रंज, म्हणजे निर्वाणासारख्या बँडचे खरखरीत रॉक, येऊन पोहोचले होते, आणि ब्रिटपॉप या स्वदेशी गिटार-पॉपची चाहूल लागली होती. परीक्षणे कठोर झाली. १९९५ च्या पुढच्या अल्बमनंतर लेबलने त्यांना सोडले. २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि २०१७ मध्ये त्यांनी नवा अल्बम काढला, तेव्हा समोर उभा असलेला बराचसा श्रोता 'सूव्हलाकी' निघाला त्या वेळी जन्मलेलाही नव्हता. अशा अल्बमच्या बाबतीत माझे मत ठाम आहे की निघाले तेव्हाची परीक्षणे ऐकण्यापूर्वी वाचू नयेत. त्या आठवड्यात लंडनमध्ये काय चालते आणि काय नाही, याविषयीच ती जास्त बोलतात.

आणि चौथे कारण स्लिंटचे: बँडच उरला नाही, त्यामुळे अल्बमची बाजू घेऊन बोलायला कोणी नव्हते. तिथे वादकांची पुढची कामे शोधावीत.

मुंबईच्या श्रोत्यासाठी यात आणखी एका अंतराची भर पडते. उपग्रह वाहिनीवरून एमटीव्ही आपल्या घरात आला तो १९९१ मध्येच, म्हणजे 'स्पायडरलँड' निघाला त्याच वर्षी. पण पडद्यावर दिसत ते मोठ्या कंपन्यांचे कलाकार, आणि परवान्याने इथे निघणाऱ्या कॅसेटही मुख्यतः त्यांच्याच असत. शिकागोच्या एखाद्या लहान लेबलची कॅसेट दादरच्या दुकानात मिळण्याची शक्यता फारच कमी होती. म्हणून आपल्याकडच्या श्रोत्याने हा अल्बम 'उशिरा' ऐकला असे म्हणताना मला अडखळायला होते. तो आपल्यापर्यंत आताच येतो आहे, आणि नव्याने आलेल्या गोष्टीचे जसे स्वागत करावे तसेच त्याचे करावे.

तिसरी पायरी: नेमकी कोणती आवृत्ती ऐकत आहात ते पाहा

ही पायरी थोडक्यात आटोपण्यासारखी आहे, पण नवशिके सर्वांत जास्त इथेच चुकतात. अ‍ॅपवर अल्बमसमोर दिसणारे वर्ष अनेकदा पुनर्मुद्रणाचे असते, मूळ अल्बमचे नव्हे. एकाच नावाच्या दोन बँडचे अल्बम एकाच पानावर मिसळलेले असतात. साठच्या दशकात इंग्लंडमध्येही निर्वाणा नावाचा एक बँड होता, हे लक्षात ठेवा. विस्तारित आवृत्तीत मूळ शेवटच्या गाण्यानंतर कच्चे मसुदे आणि मैफलीतली ध्वनिमुद्रणे जोडलेली असतात. पहिल्यांदा ऐकताना मूळ शेवट झाला की थांबावे, कारण शेवटच्या गाण्यानंतरची शांतता हाही त्या अल्बमचाच भाग आहे.

रीमास्टरचा, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने आवाजाचे संस्कार करून काढलेल्या आवृत्तीचा, प्रश्न जरा नाजूक आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून सीडीचा आवाज सरसकट मोठा ठेवण्याची चढाओढ लागली आणि त्यात हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबला गेला. पुनर्मुद्रणांनाही त्याचा फटका बसला. सगळी रीमास्टर वाईट असतात असे मुळीच नाही, पण दोन्ही आवृत्त्या मिळत असतील तर एकाच गाण्याचा सर्वांत हळू भाग दोन्हींत ऐकून पाहावा. ज्या आवृत्तीत तो भाग खरोखर हळू राहिला आहे, ती घ्यावी.

चौथी पायरी: मुंबईत प्रत शोधणे

प्रत हातात असलीच पाहिजे असे नाही. पण इनले कार्ड स्वतःच्या हाताने उलगडून वाचण्यात जो फायदा आहे तो पडद्यावर मिळत नाही, म्हणून एखादी तरी मिळवावी.

काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. काउंटरवर उभ्या माणसाला 'याच्यासारखे आणखी काय आहे' असे विचारण्याची मुंबईतली सर्वांत चांगली जागा त्याबरोबर गेली. आता शोधायचे ते जुन्या मालात. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर ग्रामोफोन आणि एलपीची दुकाने आहेत. तिथली नेहमीची दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी सकाळी रस्त्यावरचा बाजार भरतो, तेव्हा कशासाठी जायचे ते ठरवून दिवस निवडा. एलपींमध्ये बहुतांश हिंदी चित्रपटसंगीत मिळेल, आणि इंग्रजीत सत्तर-ऐंशीच्या दशकांतले लोकप्रिय संगीत. आपल्याला हव्या असलेल्या काळातल्या गिटार-रॉकची एलपी तिथे मिळणे दुर्मीळ, कारण नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट आणि पुढे सीडी यांचेच राज्य होते. म्हणून सीडीकडे जास्त लक्ष द्यावे असे माझे सांगणे आहे. घर बदलताना, परदेशातून परतलेल्या कुटुंबाचे सामान निघताना किंवा मुले परगावी गेल्यावर माळा साफ होताना सीडींचे खोकेच्या खोके रद्दीत जातात. रद्दीवाल्याला त्यांत रस नसतो. प्लास्टिकच्या भावाने ती विकायला तो आनंदाने तयार होतो.

माझी 'स्पायडरलँड'ची प्रत गिरगावातल्या अशाच एका रद्दीच्या दुकानात, अभियांत्रिकीच्या जुन्या क्रमिक पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली मिळाली. समोरच्या बाजूला ना बँडचे नाव, ना अल्बमचे. एवढेच एक कृष्णधवल छायाचित्र: खाणीत साठलेल्या पाण्यात चार मुले पोहत आहेत, पाण्यावर फक्त त्यांची डोकी दिसतात, आणि चौघेही कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. मागच्या बाजूला ओल येऊन कागद एका कोपऱ्यात प्लास्टिकला चिकटलेला होता. हे ध्वनिमुद्रण एलपीवर ऐकण्यासाठी आहे, अशी सूचना खुद्द सीडीवर छापलेली वाचून मी तिथेच उभी राहिले. ज्यांना आपली गाणी कशी ऐकली जावीत याची एवढी काळजी होती, त्यांची सीडी मी त्या दिवशी दुसरे काहीही न घेता घरी आणली.

सीडी घेताना आधी केस उघडा. एकदा एका दुकानातून मी केसवरचे नाव पाहून घाईने सीडी घेतली आणि घरी आल्यावर आत भलतीच डिस्क निघाली. तेव्हापासून दुकानदाराच्या समोरच उघडून, डिस्कवरचे नाव आणि क्रमांक केसच्या कण्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहते. मग डिस्क उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आरपार चमकत असतील तर तिथला चंदेरी थर गेलेला आहे आणि ती नीट वाजेलच याची खात्री नाही. खालच्या, वाजणाऱ्या बाजूवरच्या बारीक ओरखड्यांना फारसे घाबरू नका. छापील बाजूवरचा ओरखडा जास्त घातक, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून पुसू नये.

एलपी घेणार असाल तर ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकलेली नाही ना ते पाहा आणि तिरक्या उजेडात खाचा तपासा. यंत्र नसल्यास लॅमिंग्टन रोडला चौकशी करावी. सुई आणि ती जिच्यात बसते ती डबी, म्हणजे कार्ट्रिज, हेही तिथे मिळू शकते. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त रेकॉर्ड प्लेयर घेण्याचा मोह टाळा, कारण त्यांतल्या पुष्कळांची सुई तबकडीवर गरजेपेक्षा फार जास्त दाब देते. अमेरिकेतून कोणी जुने यंत्र आणून देतो म्हणाले तर आधी विचार करा. तिथला वीजपुरवठा ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, आपला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, पण जुन्या प्रकारची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालत असल्यामुळे तबकडी सुमारे सतरा टक्के हळू फिरते आणि गायकाचा आवाज ओळखू येईनासा होतो.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळाच शत्रू आहे. जूनपूर्वी एलपी आणि सीडी बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, उभ्या ठेवाव्यात आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नका, कारण बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, चढते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

पाचवी पायरी: ऐकणे

अ‍ॅपमधले शफल, क्रॉसफेड (एक गाणे दुसऱ्यात मिसळणारी सोय) आणि ऑटोप्ले हे तिन्ही बंद करा. गाण्यांचे आवाज एकसारखे करणारी सोयही बंद करा. मग जागा निवडा, आणि इथे मुंबईकराने विशेष काळजी घ्यायला हवी. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकलने जायला साधारण तासभर लागतो, म्हणजे एक अल्बम आरामात बसतो, असा हिशेब आपण सगळेच करतो. ज्यात आवाज सतत भरलेला आहे असे अल्बम लोकलमध्ये खरेच छान ऐकू येतात. 'सूव्हलाकी' मी कितीदा तरी तसाच ऐकला आहे. पण ज्यात कुजबुज आणि गर्जना यांचा खेळ आहे तो अल्बम गाडीत ऐकणे म्हणजे त्याचा अर्धा भाग टाकून देणे. रुळांचा आणि पंख्यांचा आवाज कुजबुज गिळून टाकतो. मग आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच क्षणी गिटार कानांवर आदळतात.

'स्पायडरलँड' मी पहिल्यांदा गाडीतच ऐकला आणि मला तो काहीच कळला नाही. दुसऱ्यांदा ऐकला तो मे महिन्यात, रात्री साडेअकरानंतर, शेजारचा टीव्ही बंद झाल्यावर. तिसरे गाणे सुरू झाले. त्यात ढोल नाहीत. दोन गिटार आहेत आणि बहुतेक काळ बोलल्यासारखा येणारा आवाज, तोही ढोलवादकाचाच. शब्द अर्धवट पोहोचत होते. काहीतरी मध्ये येते आहे असे वाटून मी उठले आणि छताचा पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत मिनिटभर गेले असेल. मग बोटे तारेवरून सरकण्याचा आवाज ऐकू आला, ओठ माइकजवळ येतात तेव्हाचा श्वास ऐकू आला, आणि ते गाणे माझ्या खोलीत कोणीतरी बसून सांगत असल्यासारखे झाले. घामाने पाठ भिजली होती, पण पंखा मी शेवटचे गाणे संपेपर्यंत लावला नाही. त्या शेवटच्या गाण्याच्या अखेरीस असाच एक दबका आवाज किंकाळीत फुटतो. आधीची अडतीस मिनिटे ज्याने कुजबुज नीट ऐकली आहे, त्यालाच ती किंकाळी पेलते.

त्यामुळे आवाजाची पातळी हळू भागावर ठरवा, पंखा आणि खिडकी बंद असताना शब्द जेमतेम कळतील एवढी, आणि मग बटणाला हात लावू नका. तारेचे साधे हेडफोन पुरतात.

पहिल्या ऐकण्यात काहीच समजून घेण्याचा प्रयत्न करू नये. दुसऱ्यात एकच वाद्य धरा. बेस धरलात तर उत्तम, कारण गिटार काय करत आहेत हे त्यावरून उलगडते. तिसऱ्यात मात्रा मोजा. तबला कानांवर पडत वाढलेल्या माणसाला इथे मोठा फायदा आहे. रॉकमध्ये चार मात्रांची सवय असते, आणि ती मोडली की अनेक श्रोते गोंधळतात. 'स्पायडरलँड'च्या दुसऱ्या गाण्यात कडवी पाच मात्रांची आहेत. मांडीवर बोटे ठेवून झपतालाचा अर्धा भाग मोजल्यासारखे मोजत गेलात की समेवर येणारा ढोलाचा ठोका पकडता येतो, आणि जे विस्कळीत वाटत होते ते अत्यंत काटेकोर आहे हे कळते. तीन वेळा ऐकूनही मन लागले नाही तर अल्बम बाजूला ठेवा आणि वहीत तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा ऐका. प्रत्येक विसरलेला अल्बम उत्तमच असतो असे नाही, काही योग्य कारणानेच विसरले गेले आहेत, आणि तसे प्रामाणिकपणे वहीत लिहायला संकोच करू नये.

तीनदा ऐकल्यानंतरच इतरांनी काय लिहिले आहे ते वाचा. आधी वाचलेत तर तुम्ही अल्बम ऐकणार नाही, त्याची कीर्ती ऐकाल.

सहावी पायरी: हीच पद्धत आपल्या शहराला लावा

एवढे जमले की वहीचे पुढचे पान मुंबईसाठी ठेवा. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरत असे. आजूबाजूला रुग्णालये आणि महाविद्यालय असल्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि २००३ च्या सुमारास त्या खुल्या रंगमंचावरचे कार्यक्रम थांबले. १९९३ मध्ये अलाहाबादेतून रॉक स्ट्रीट जर्नल हे नियतकालिक निघू लागले, तेव्हा देशभरातल्या बँडना एकमेकांची नावे छापील स्वरूपात प्रथमच सलग वाचायला मिळाली. मुंबईच्या पेंटाग्राम या बँडचा 'वी आर नॉट लिसनिंग' १९९६ चा, झीरो या बँडचा 'प्रोक्रास्टिनेशन' २००५ चा. 'प्रोक्रास्टिनेशन'पासून सुरुवात करावी असे मला वाटते; त्यातल्या वादकांची नावे घेऊन पुढे गेलात तर एकेका नावामागे पुढचे कितीतरी अल्बम सापडतील. लुईव्हिलला लावलेलीच रीत इथे लागते, आणि इथे एक सोय अधिक आहे: ती माणसे याच शहरात वावरलेली असल्यामुळे कोणीतरी कोणाला तरी ओळखतेच.

त्यापलीकडे जे आहे त्याची नोंद कोणत्याही संकेतस्थळावर नाही. नव्वदच्या दशकात महाविद्यालयीन बँडनी दोन-चार गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांच्या कॅसेट हातोहात वाटल्या. त्या आज परळच्या, माहीमच्या, ऑर्लेमच्या, डोंबिवलीच्या घरांत माळ्यावर पडून आहेत. त्या वयाचे काका, मामा, शेजारी यांना विचारा, तुमच्या वेळी कोणाचा बँड होता, कुठे सराव करायचे, ध्वनिमुद्रण कोणत्या स्टुडिओत झाले. कॅसेट मिळालीच तर कव्हरवरचे हस्ताक्षर वाचून सगळी नावे वहीत उतरवा, कव्हरचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या आणि बुरशी नसेल तरच ती संगणकाला जोडलेल्या यंत्रावर एकदाच, पूर्ण, मध्ये न थांबवता वाजवून तिची फाइल करून घ्या. जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. यंत्रात घालण्यापूर्वी कॅसेटच्या वरच्या कडेवरच्या दोन चौकोनी खाचा पाहा. त्यांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या अजून शाबूत असतील तर चुकून दाबलेल्या एका बटणाने सगळे पुसले जाऊ शकते, म्हणून आधी त्या दोन्ही मोडून टाका आणि मगच कॅसेट लावा.